कणगीतले उंदीर

बायको गेली त्याच्या तेराव्या दिवशी तिच्या वस्तू वाटल्या. आमच्याकडे तशी पद्धत आहे. सवाष्ण गेलेल्या बाईची साडी नातेवाइकांतल्या बायका मागून नेतात, तिचं भाग्य आपल्या पदरात पडावं म्हणून. साड्या गेल्या, स्टीलचे डबे गेले, रंगांची पेटी कुणाच्या तरी लेकरासाठी गेली. फोन तिच्या भाचीनं मागितला. भाची बारावीला होती, तिला फोनची गरज होती. कुणीतरी मला विचारलं, "द्यायचा ना?" मी कोपऱ्यात बसलो होतो. मी मान हलवली.

भाचीनं तो त्याच संध्याकाळी कोरा करून घेतला. गेलेल्या माणसाचं काही फोनमध्ये ठेवू नये, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. त्यात त्यांची काही चूक नाही. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हिचे फोटो घरात ढीगभर आहेत, पण आवाज कुठंच नाही. अडतीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. समोर बसलेल्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतो?

आम्ही दोघंही शिक्षक. ती चित्रकला शिकवायची, मी इतिहास. तिची पहिली नेमणूक पिंपळगाव रेणुकाईला, नंतर राजूर आणि मग निवृत्तीपर्यंत इथं भोकरदनला. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस घरात बोलायला कुणी नसतं. दूधवाल्याशी दोन शब्द होतात, ते दुधाबद्दल.

एक आपा मात्र रोज येत. आपा म्हणजे हिची मैत्रीण. उर्दू शाळेत शिकवायच्या. दोन्ही शाळांचं आवार एकच होतं आणि दोघींची मधली सुट्टी तीस वर्षं एकाच लिंबाखाली गेली. आपांचे यजमान फार पूर्वी वारले. मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत त्या बसस्टँडच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. ही गेल्यावर चाळीस दिवस झाले, सगळ्यांचं येणं थांबलं, तरी आपा दुपारी चार वाजता येत राहिल्या. घरात येत नसत. ओट्यावर खुर्ची ठेवलेली असे, तिथं बसत. मी चहा करून आणायचो. चहा बिघडलेला असला तर सरळ सांगत, "भाईसाहेब, पत्ती जास्त झाली."

त्या अर्ध्या तासात त्या हिच्याबद्दल बोलायच्या. मला ठाऊक नसलेलं पुष्कळ त्यांना ठाऊक होतं. पिंपळगावला असताना ही सायकल शिकली आणि पहिल्याच दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन आदळली, हे मला आपांकडून कळलं. मला तिनं गुडघा जिन्यात आपटला असं सांगितलं होतं. अशा गोष्टी ऐकताना माझी बायको माझ्यासाठी थोडी थोडी नव्यानं तयार व्हायची. दिवसभर मी चार वाजायची वाट बघत असे. दुसरं कशाची वाट बघावी असं काही उरलं नव्हतं.

मे महिन्यात सीमेवर विमानं आणि ड्रोन उडू लागले. आमच्यापासून ते सगळं फार दूर होतं, पण फोन प्रत्येकाच्या खिशात होता. बातम्यांपेक्षा चित्रं जास्त येत होती. त्यात खरी चित्रं किती आणि संगणकावर केलेली किती, कुणाला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून कार्टूनं सुरू झाली. आपला वाघ, त्यांचं कोल्हं. आपला गरुड, त्यांची कोंबडी. पळणारी डुकरं, मार खाणारी गाढवं. मागं ढोल आणि हसण्याचे आवाज. आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळच्या सुविचारांच्या जागी आता हीच येत होती.

मला त्यात नवल वाटलं नाही. वर्षानुवर्षं मी नववी-दहावीला महायुद्धं शिकवली होती. पाठ्यपुस्तकात नसलेलं बरंच वाचून सांगायची मला सवय होती. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ प्रत्येक मोठ्या देशानं कार्टून कामाला लावलं होतं. शांततेच्या काळात मुलांना हसवणारी जनावरं गणवेश घालून पडद्यावर आली. कर वेळेवर भरा, स्वयंपाकातली चरबी फेकू नका, अफवा पसरवू नका, हे त्यांनी लोकांना सांगितलं. ते ठीक होतं. पण त्याच पेनांनी शत्रूला उंदीर केलं, त्याला दात दिले, शेपटी दिली. माणसाला मारायचं म्हटलं की मन थोडं तरी अडखळतं. उंदराबद्दल तसं होत नाही. मी वर्गात सांगायचो, भाषण ऐकताना माणूस विचार करतो, कार्टून बघताना आधी हसतो, आणि हसून झाल्यावर त्यानं ते अर्धं मान्य केलेलं असतं. मुलं लिहून घ्यायची. परीक्षेत ते कधी विचारलं गेलं नाही.

मला हे पुस्तकांतूनच ठाऊक होतं असंही नाही. माझं लहानपण आष्टीला गेलं, परतूर तालुक्यात. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी मी सहावीत होतो. सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी गावात आली. बाजाराच्या जागेवर दोन बांबूंना पांढरं कापड बांधलं आणि अंधार पडल्यावर सिनेमा दाखवला. सुरुवातीला एक छोटं कार्टून होतं. एक माणूस हॉटेलात बसून खोट्या बातम्या सांगतो, आणि प्रत्येक बातमीला त्याची जीभ वाढत जाते. शेवटी ती दोरासारखी सगळ्या गावाला गुंडाळते आणि गाव खाली कोसळतं. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका माणसाचं नाव 'जिभल्या' पडलं. तो हैदराबादला राहून आलेला, जरा जास्त बोलायचा, एवढंच. लढाई तेरा दिवसांत संपली. तो माणूस त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगला आणि जिभल्या म्हणूनच मेला. पुढं पुढं तो हॉटेलात येऊन बसायचा तेव्हा काही बोलायचा नाही. त्याला तसं नाव ठेवून ओरडणाऱ्यांत मी होतो.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते मी केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आरामखुर्चीत पडलो होतो. ऊन एवढं होतं की समोरच्या रस्त्यावर माणूस नव्हता. फोन वाजला. हिच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं काहीतरी पाठवलं होतं. मी बोट लावलं आणि खोलीत हिचा आवाज आला.

"अगं बाई, आले का परत? किती वेळा हाकलायचं रे तुम्हाला!"

मी फोन छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

हे काय आहे ते मला लगेच कळलं. निवृत्तीनंतर हिनं अंगणवाडीच्या मुलांसाठी एक छोटं कार्टून केलं होतं. पाठकोऱ्या कागदांवर दोनशेच्या वर चित्रं काढली होती, प्रत्येकात उंदीर जरासा पुढं सरकलेला. गोष्ट साधी. एका बाईच्या घरात ज्वारीची कणगी आहे, बांबूची, शेणानं सारवलेली. उंदीर येतात, बाई हाकलते, ते परत येतात. शेवटी बाई कणगीला घट्ट झाकण लावते आणि एक ओंजळ ज्वारी शेताच्या बांधावर ठेवून उंदरांना सांगते, तुमचा वाटा तिकडं आहे, घरात येऊ नका. धान्य झाकून ठेवावं, एवढंच मुलांना सांगायचं होतं. चित्रं काढत असताना मी एकदा तिला म्हणालो होतो की युद्धात कार्टूनमधल्या उंदरांचं काय काय केलं होतं. ती म्हणाली, "माझे उंदीर साधे आहेत. त्यांना भूक लागलीय फक्त."

कागदांचे फोटो काढून ते एकापुढं एक जोडायचं काम गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात झालं होतं. आवाज तिनं घरीच, फोनवर भरला होता. अंगणवाडीत ते दोन-चार वेळा दाखवलं गेलं आणि मग तिचं दुखणं सुरू झालं. मी ते विसरून गेलो होतो.

आता तो आवाज आला होता. मी तो पुन्हा लावला. डोळे मिटूनच. ती बोलते, उंदीर घोगऱ्या आवाजात म्हणतो, "मंग आम्ही जायाचं कुठं, बाई?" मग संगीत, ढोल, हसण्याचा गलका. ते मला नको होतं. मी पुन्हा सुरुवातीला जायचो. उंदराचाही आवाज तिनंच काढला असेल असं मी धरून चाललो, आणि केवढा हुबेहूब काढलाय असं वाटून मला हसू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

पाच-सहा वेळा ऐकल्यावर मी ते आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं, "हिचा आवाज." त्या ग्रुपमध्ये आपा होत्या. त्यांना आनंद होईल असं वाटलं, म्हणून त्यांना वेगळंही पाठवलं. चित्राकडे मी पाहिलं नव्हतं.

ग्रुपवर हात जोडलेल्या खुणा आल्या, झेंडे आले, "बाईंना सलाम" असं आलं. त्या दिवशी चार वाजता आपा आल्या नाहीत. ऊन जास्त होतं, म्हणून नसतील आल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. मी दोन कप चहा करून दोन्ही प्यालो. मधल्या वेळात ते ऐकत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"दाजी, अक्काचं कार्टून लई भारी! आमच्याकडं समद्यांनी ठेवलंय स्टेटसला."

"हो का."

"आणि काय उंदरं काढलेत! टोप्या पाहूनच माणूस बराबर ओळखतो."

"कसल्या टोप्या?" मी विचारलं.

"आता घ्या! तुम्हीच पाठवलं आणि तुम्हीच इचारता. इतकं वाचून वाचून डोळे गेले का काय दाजी?"

फोन ठेवला, चष्मा लावला आणि पाहिलं.

तिचीच चित्रं होती. तिच्या हाताची रेघ, कणगीवरची शेणाची बोटं. पण उंदरांच्या डोक्यावर जाळीच्या गोल टोप्या आल्या होत्या आणि काहींना दाढ्या होत्या. कोपऱ्यात शत्रूच्या देशाचा झेंडा होता, इतका लहान की मला फोन डोळ्यांपाशी न्यावा लागला. टोप्या मात्र हात लांब धरूनही दिसत होत्या. माझी बायको विचारत होती, किती वेळा हाकलायचं तुम्हाला. उंदीर विचारत होता, आम्ही जायाचं कुठं. त्यावर लोक हसत होते आणि वरून बॉम्ब पडत होता. बांधावरची ओंजळ कापून टाकली होती. खालच्या पट्टीवर हिचं नाव होतं आणि पुढं 'यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.

मी उठून पाणी प्यालो. तसाच दुकानावर गेलो.

फ्लेक्सच्या दुकानाचा मालक हिचा विद्यार्थी. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, दहाव्याचे, सगळे फलक तोच छापतो. हिच्या दशक्रियेचा फलक त्यानं न सांगता लावला होता. मला बघून तो खुर्ची सोडून उठला.

"या सर, या. कामून आले उन्हात? फोन केला असता तर म्या आलो असतो ना घरी."

"ते बाईंचं कार्टून तू केलंस?"

"म्याच केलं!" त्याचा चेहरा उजळला. "सर, बाईंना जाऊन सहा म्हयने झाले. रोज वाटायचं, आपण बाईंसाठी काय केलं? मंग हे युद्ध लागलं. म्हणलं, बाईंची कला देशाच्या कामी येऊन राह्यली तर याच्यापेक्षा मोठी श्रद्धांजली कोणती? खाली नाव टाकलंय, पाह्यलं ना तुम्ही?"

"टोप्या कुणी घातल्या?"

"कोणाला?"

"उंदरांना."

तो संगणकाच्या पडद्याकडे बघायला लागला. "आता दुश्मन दाखवायचा म्हणल्यावर कायतरी खूण पाह्यजे ना सर. झेंडा टाकला, पण तो मोबाईलवर दिसून न्हाई राह्यला. टोपी लांबून दिसते."

"कुणाची दिसते?"

"त्यांचीच. पलीकडच्यांची."

"पलीकडची माणसं भोकरदनच्या कणगीत कशी आली?"

तो हसला. "सर, तुम्ही तर वर्गातच उभं केलं मला." पण माझ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "म्या काय वाईट मनानं न्हाई केलं. बाईंची शपथ."

मला ते पटलं, आजही पटतं. वाईट मनानं केलं असतं तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

मूळचं कार्टून त्याच्याकडे आहे का, असं मी विचारलं. चित्रं आहेत, पण जोडलेला व्हिडिओ बदलताना त्याच्यावरच नवा साठवला गेला, असं तो म्हणाला. आवाजाची फाईल मात्र वेगळी होती. त्यानं ती शोधली आणि लावली.

सुरुवातीला पंख्याची घरघर थांबल्याचा आवाज आला. मग हिचा, अगदी रोजचा: "सुरू झालं का? लाल ठिपका दिसतोय का बघ."

आणि दुसरा आवाज म्हणाला, "दिखता है. बोल आता."

मी दुकानदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "आपा ना सर. उंदराचा आवाज आपांचाच हाये. तुम्हाला ठाऊक न्हवतं?"

"तुला ठाऊक होतं?"

"होतं ना. बाईच म्हणल्या होत्या, उंदीर आपा झाल्यात म्हणून..." तो मध्येच थांबला. माऊसवरचा हात त्यानं काढून घेतला. मग म्हणाला, "म्या ते ध्यानातच न्हाई ठेवलं सर. खरंच."

फाईल चालू होती. उंदीर म्हणाला, "मंग आम्ही जायाचं कुठं, बाई?" आणि त्यावर दोघी हसल्या. फिदीफिदी, शाळेतल्या पोरींसारख्या. हिनं "हळू" असं म्हटलं आणि पुन्हा दोघी हसल्या. कुणाचा हात भांड्याला लागला असावा, खणखणाट झाला.

तो दिवस मला तेव्हा आठवला. मी घरातच होतो. आतल्या खोलीत वाचत होतो. बाहेर स्वयंपाकघरात दोघींचा आवाज फार होऊ लागला म्हणून मी उठून दार लावून घेतलं होतं.

दुकानदारानं त्याच्याकडचा व्हिडिओ काढून टाकला. "पण गेलेला परत येत न्हाई सर," तो म्हणाला. "मला आज सकाळी तोच नांदेडहून आलाय, येगळंच गाणं लावून." त्यानं आवाजाची फाईल पेनड्राइव्हवर घालून दिली. निघताना म्हणाला, "आपांना म्या तोंड कसं दाखवू?" मी स्वतःच त्या विचारात होतो.

घरी येऊन ग्रुपवर लिहायला बसलो. चार वाक्यांना दोन तास लागले. "मी परवा पाठवलेलं कार्टून माझ्या पत्नीनं असं केलेलं नव्हतं. तिच्या मागं कुणीतरी ते बदललं आहे. मी चित्र न पाहता पाठवलं, ही माझी चूक. कृपया पुढं पाठवू नका." उंदराचा आवाज कुणाचा, ते लिहिलं नाही. ते सांगायचा अधिकार माझा नव्हता.

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लगेच लिहिलं, "सर, सीमेवर जवान लढत आहेत. टोप्या मोजण्याची ही वेळ आहे का?" त्यांना तीन अंगठे आले. आणखी एकानं लिहिलं, "विनोद विनोदासारखा घ्यावा." माझ्या बाजूनं कुणी काही लिहिलं नाही. दोघांनी मला वेगळे फोन करून 'बरं केलं' असं सांगितलं, हळू आवाजात. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नवं कार्टून आलं होतं. त्यात कोल्हं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आपांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्या दारात मी ईदेच्या दिवशी दोन-तीनदा उभा राहिलो असेन, तेही हिला घ्यायला. सुनेनं दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "अम्मी, सर आये."

आपा ओसरीत लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. मोठा अडकित्ता पाटाला ठोकलेला. त्यांनी मान वर केली नाही.

"बसा भाईसाहेब."

मी बसलो. "आपा, मी ते न बघता पाठवलं. डोळे मिटून ऐकत होतो."

"तसंच असंल म्हणलं मी." कैरीचे दोन तुकडे झाले, कोय बाजूला पडली.

"मग तुम्ही आला का नाहीत?"

त्यांनी आणखी दोन कैऱ्या फोडल्या.

"टोप्यांचं मला नवं न्हाई," त्या म्हणाल्या. "सकाळपासून दहा ठिकाणांहून येतात तसले. पोरगा म्हणतो, अम्मी, डिलीट करत जा. करते. पण तुमच्याकडून आलं. तुम्ही कधी काही पाठवत न्हाई. म्हणलं, सरांनी पाठवलं म्हणजे काहीतरी खास असंल. सुनेला बोलावलं, नातीला मांडीवर घेतलं, आवाज मोठा केला. बाई बोलली. मग मी बोलले." अडकित्ता त्यांच्या हातात उघडाच राहिला. "नात म्हणाली, दादी, ये तो तू है! चूहा तू है!"

आत सुनेनं नळ सोडला आणि बंद केला.

"पाच वर्षांचं लेकरू. तिनं एका दमात ओळखलं. तुम्ही किती वेळा ऐकलं?"

"मोजलं नाही."

"तरी?"

"वीस-पंचवीस वेळा."

"पंचवीस वेळा!" त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आणि खाली लिहिलं, हिचा आवाज. एकटीचा."

बचाव करण्यासारखं एकच होतं, ते बोललो. "त्या दिवशी मी आतल्या खोलीत होतो."

"हां. दार लावून. बाई म्हणाली, हळू हस, सर वाचून राह्यले." त्यांनी पुढची कैरी उचलली. "काय वाचत होते एवढं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. मला आठवलं नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझी कीव आली असावी, किंवा थकल्या असतील. सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मी खिशातून पेनड्राइव्ह काढून पुढं केला. दोघींचं मूळचं बोलणं यात आहे, टोप्या नाहीत, चित्रच नाही, असं सांगितलं. सुरुवातीचं थोडं ऐकलंय, पुढचं नाही. आपांच्या हाताला कैरीचा चीक लागला होता म्हणून त्यांनी तो घेतला नाही. डोळ्यांनी खिडकीकडे खूण केली. मी तो खिडकीच्या फळीवर ठेवला.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या.

चहा आला. चांगला झाला होता. पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाईसाहेब, आता मी तिकडं येणार न्हाई."

मी समजलो. "बरोबर आहे," असं म्हणून उठलो.

"बसा. पूर्ण ऐकून घ्या. मास्तर असून मधीच उठता." त्यांनी पदरानं घाम पुसला. "तीस वर्षं झाली, मी तुमच्या ओट्यावर येते. बाई होती तोवर ती इकडं यायची, मी तिकडं जायची, बराबर होतं. ती गेल्यापासून मीच येऊन राह्यले. तुम्हाला एक दिवस वाटलं न्हाई की आपण जावं? गल्लीतले लोक मला इचारतात, सरांचं कसं चाललंय. तुम्हाला कुणी इचारतं का, आपाचं कसं चाललंय? माझी पण मैत्रीण गेली ना."

हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं. शोक माझा आहे, त्या तो भेटायला येतात, असं मी समजून चाललो होतो.

"यायचं असंल तर चार वाजता येत जा," त्या म्हणाल्या. "न यायचं असंल तरी राग न्हाई."

ते चार-सहा दिवसांचं युद्ध थांबलं. कार्टूनं त्यानंतरही बरेच दिवस येत राहिली, मग कमी झाली. हिचं कार्टून मला अजून एखाद्या वेळी कुठून तरी येतं. एकदा त्यात हिच्या आवाजाच्या जागी पुरुषाचा आवाज होता, फक्त उंदीर तोच होता. मी माझ्या फोनवरचं काढून टाकलं आहे. काढताना शेवटचं एकदा ऐकावं असं वाटलं. ऐकलं नाही.

मी रोज चार वाजता जातो. पहिले काही दिवस गल्लीतले लोक बघायचे, आता बघत नाहीत. आपा हिच्याबद्दल बोलत नाहीत. लोणच्याला बुरा येतोय का, नातीचे दात, शाळेच्या आवारातला लिंब तोडायचं चाललंय, असं बोलतात. कधी काहीच बोलत नाहीत आणि मी पेपर वाचत बसतो. नात एकदा येऊन मला विचारून गेली, "तुम को चूहे का आवाज आता?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "दादी को आता." आपांनी तिला आत पाठवलं. पेनड्राइव्ह खिडकीच्या फळीवर आहे, त्यावर धूळ बसली आहे. दुकानातून दुसरी प्रत आणता येईल. मी आणलेली नाही. त्या लावतील तेव्हा लावतील, आणि नाही लावला तर तेही मला सोसायला हवं.

काल निघताना त्या म्हणाल्या, "उद्या आम्ही सगळे जालन्याला लग्नाला जातो. परवा या."

आज ते सगळे लग्नाला गेले आहेत. चार वाजून गेले. जायला कुठं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.